पाणीसाहेबांचं गाव सापडेना

"जगात बिघाड दोनच प्रकारचे!" पाणीसाहेब म्हणाले. "एक गळती आणि दुसरा तुंबा. तिसरा अजून जन्माला यायचाय!"

एवढं बोलून त्यांनी बाह्या सरसावल्या आणि टीव्हीच्या कपाटापुढे फतकल मारली. हे वाक्य ऐकलं की त्यांची बायको नव्या वस्तूच्या खर्चाचा हिशेब मांडायला लागे. मिक्सरला साहेबांनी हेच वाक्य म्हणून हात घातला होता. दारावरच्या घंटेलाही. आणि परवा फोनच्या चार्जरलासुद्धा. मिक्सर नवा आला, घंटा नवी आली, चार्जर अजून यायचा होता.

साहेबांचा उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात गेला. निवृत्त झाले तरी इमारतीत सगळे त्यांना पाणीसाहेबच म्हणत आणि त्यांच्या बायकोला लोकरकाकू. ते का, हे घरात पाऊल टाकल्याबरोबर कळायचं. रिमोटला लोकरीचं कव्हर, चष्म्याच्या घराला कव्हर, थर्मासला कव्हर, गिझरच्या बटणालासुद्धा टोपडं! काकू नव्या नवरी म्हणून आल्या, तेव्हा घरात एक रेडिओ होता. त्याला धूळ बसू नये म्हणून त्यांनी पहिला झगा विणला. रेडिओ गेला, टेपरेकॉर्डर आला. तो गेला, फोन आला. यंत्रं आली नि गेली, काकूंची सुई काही थांबली नाही.

"आपल्या घरात माणसांपेक्षा वस्तूंना जास्त थंडी वाजते," साहेब म्हणायचे.

"वस्तू निदान विणलेलं अंगात घालतात तरी!" काकू म्हणायच्या. साहेबांचा स्वेटर पंचवीस वर्षं घडी न मोडता कपाटात होता.

तर त्या रविवारी दुपारी बिघडला होता तो गेमचा डबा.

टीव्हीला जोडून गेम खेळायचा हा डबा चिरंजीवांचा. नोकरीसाठी दूरच्या शहरात जाताना तो हा जुना डबा घरी ठेवून गेला, तिकडे स्वतःला नवा घेतला, आणि दोन्ही घरांतून दोघांना मिळून खेळता येईल असा एक गेम त्यानं बापाला लावून दिला. त्या गेममध्ये गाव वसवायचं असतं. चिरंजीव रस्ते आणि घरं बांधायचे आणि साहेब पाणी आणायचे. काय तो पाणीपुरवठा! डोंगरावर दोन टाक्या, गल्लीगल्लीत व्हॉल्व्ह, चोवीस तास पाणी आणि तेही शेवटच्या घरापर्यंत सारख्या दाबानं. नोकरीत ज्या फायली वरच्या साहेबांनी नुसत्या चाळून बाजूला ठेवल्या, त्या सगळ्या आता या गावात पाझरत होत्या. डब्याच्या पोटात जागा उरली नव्हती, म्हणून हा गेम आणि त्यातलं गाव एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर राहायचं. साबणाच्या वडीएवढी काळी डबी, एका वायरीनं डब्याला जोडलेली. तिला काकूंनी हिरवं कव्हर विणलं होतं, हे सांगायला नकोच.

काकूंना गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या रविवारची वाट साहेबांपेक्षा जास्त पाहायच्या. कारण गेम नसायचा तेव्हा बाप-लेकाचं फोनवरचं बोलणं असं चालायचं:

"काय म्हणतोस?"

"काही नाही. तुम्ही?"

"ठीक. जेवलास?"

"हो."

"बरं. आईला देतो."

संपलं! तारेतसुद्धा लोक यापेक्षा जास्त शब्द घालायचे. आणि तेच दोघं खेळायला बसले की काय तोंड सुटायचं! "अरे, टाकीच्या आधी थिएटर कसलं बांधतोस? लोक काय सिनेमा पिणार आहेत?" "बाबा, गावात माणसं यायला नकोत का?" "पाणी असलं की माणसं येतात रे!" मधेच ऑफिसातल्या साहेबाची गोष्ट निघे, मधेच कुठला जुना मित्र भेटल्याची. काकू मागे खुर्चीत विणत बसायच्या आणि आठवड्याभराचं लेकाचं आयुष्य ऐकून घ्यायच्या.

आणि याच आठवड्यात लेकानं फोनवर म्हटलं होतं, "आई, रविवारी खेळताना बाबांना एक गोष्ट सांगायचीय. तू आधी काही बोलू नकोस."

"मला तर सांग!"

"तुला सांगितली की तू आधी बोलणारच."

हे खरंच होतं, म्हणून काकू गप्प बसल्या. पण तेव्हापासून त्यांचे टाके चुकायला लागले होते. नोकरी सुटली? आजार? परदेश? काहीही असो, ते या माणसाला गेमशिवाय सांगणं म्हणजे भिंतीला सांगण्यासारखंच! आणि आता टीव्हीवर मोठ्या अक्षरांत पाटी आली होती: 'हार्ड डिस्क सापडली नाही.'

"सापडली नाही म्हणजे काय?" साहेब टीव्हीवर ओरडले. "ही काय, तुझ्या बुडाशी ठेवलीय!"

त्यांनी वायर काढली, फुंकली, लावली. सापडली नाही. डबा बंद केला, चालू केला. सापडली नाही. हिरव्या कव्हराला दोन टिचक्या मारून कान लावला, जसा ते पूर्वी रस्त्यावर वाकून जमिनीखालच्या पाइपाला लावायचे.

"आवाज येत नाही. तुंबा आहे."

"अहो, पण दिवे लागलेत," काकू म्हणाल्या. कव्हराच्या जाळीतून निळे ठिपके लुकलुकत होते.

"म्हणजे पाणी मीटरपर्यंत येतंय, नळाला येत नाही. म्हणजे तुंबा तोंडाशीच आहे!" साहेबांनी निदान केलं. "टाचणी आण."

"टाचणी अजिबात मिळणार नाही!" काकूंना चार्जर आठवला. "मी डॉक्टरीणबाईंना बोलावते."

समोरच्या घरातल्या डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर. पण इमारतीत कुणाचंही काहीही दुखलं-खुपलं, कुलूप अडकलं, कुकरची शिट्टी बसली की त्यांनाच बोलावत, कारण त्यांच्याकडे बारीक हत्यारं होती. त्या दुपारची झोप सोडून आल्या, लांब दांडीचा तो छोटा आरसा डब्याच्या भोकात घातला आणि सवयीनं म्हणाल्या, "थोडं मोठं उघडा."

"ते एवढंच उघडतं," साहेब म्हणाले.

"हं. कीड नाही. हिरड्या चांगल्या आहेत." बाईंनी आरसा फिरवला. "कधीपासून त्रास आहे?"

"आजच. मागच्या रविवारी ठणठणीत होतं."

"मध्ये काही कडक खाल्लं? म्हणजे, कुणी काही घातलं का आत?"

"छे! हिनं फक्त काल सगळी कव्हरं धुतली. वाळली तशी परत चढवली. यंत्राला कुणी हात लावला नाही."

"मग मूळ दुखावलं असेल. मी वरवर बघून सांगू शकत नाही. मुलाला विचारा," बाई म्हणाल्या आणि अर्धी राहिलेली झोप पुरी करायला निघून गेल्या.

मुलाला विचारा! फोन लावला की ते तेवढंच व्हायचं. काय म्हणतोस, जेवलास, आईला देतो. आणि लेकाची गोष्ट पुन्हा त्याच्या पोटात जाणार, ती कधी बाहेर येईल कुणास ठाऊक! पण खेळायची पाचची वेळ होत आली होती. त्यांनी आपला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि कपाटावर ठेवला. साहेबांनी टॉर्च हातात धरला आणि डोकं टीव्हीच्या मागे घातलं. बाहेर राहिला तो फक्त धोतऱ्याच्या फुलासारखा पसरलेला लेंगा.

"अरे, आपलं गाव सापडत नाहीये!" साहेबांनी आतूनच हाळी दिली.

"म्हणजे? बाबा, तुम्ही कुठून बोलताय? विहिरीतून?"

"टीव्हीमागून! डिस्क दिसत नाही म्हणतोय डबा."

"बरं, घाबरू नका. वायर मागच्या पोर्टला लावा. पुढच्या नको."

"मागचीच आहे."

"मग दुसऱ्या भोकात लावून बघा. लावली? दिवा लागला?"

"लागले. चार."

"चार? बाबा, हार्ड डिस्कला एकच दिवा असतो."

"आपल्या डिस्कला चार आहेत."

"कसे असतील?"

"मी मोजतोय ना रे! पगार घेऊन मीटर मोजलेत मी! चार म्हणजे चार!"

"बरं बाबा, चार. लुकलुकतायत का?"

"एक लुकलुकतोय. तीन शहाण्यासारखे बसलेत."

काकूंनी खुर्ची ओढली. विणकाम हातात घेतलं, पण सुई चालेना. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की फोन सुरू होऊन बराच वेळ झालाय आणि अजून कुणी 'आईला देतो' म्हटलेलं नाही.

उलट आत रंग भरत होता. "तुम्हाला आठवतं का बाबा, माझ्या सायकलची चेन अशीच कुठे अडकायची ते सापडायचं नाही?" "न आठवायला काय झालं! तू उलटं पायडल मारायचास, म्हणून." "तुम्हीच शिकवलं होतं तसं!" "मी ब्रेक मारायला शिकवलं होतं, गाढवा!" दोघंही हसले. काकूंना एकदम ते जुन्या घराचं अंगण दिसलं. उलटी ठेवलेली सायकल, तिच्या दोन बाजूंना दोन डोकी, कोपरापर्यंत काळे झालेले चार हात. जेवताना एकमेकांकडे मान वर करून न बघणारे हे दोघं त्या सायकलीपाशी तासन्‌तास पोपटासारखे बोलत असायचे. तेव्हा काकू हाका मारून मारून थकायच्या. साबणानंही न जाणारं ते तेल त्यांनी तेव्हा किती शिव्या देत घासलं होतं!

"टूंऽ" फोननं आवाज केला. बॅटरी संपत आली होती.

"अगं, फोन जाईल!" साहेब ओरडले. "तुझं ते बॅटरीचं डबडं आण!"

चार्जर साहेबांच्या हातून स्वर्गवासी झालेला, म्हणून पर्समधल्या बॅटरीच्या डबीवरच, म्हणजे पॉवर बँकेवरच, सगळी भिस्त होती. काकू धावत आत गेल्या. लाल कव्हरातली डबी काढली, फोनची वायर घातली. जाईना. पुन्हा घातली. वायर घालायला भोकच सापडेना! कव्हर धुतल्यावर आटलं असेल म्हणून त्यांनी ते ओढून काढलं.

आतून काळी डबी निघाली. तिच्यावर चिकटपट्टी होती आणि चिकटपट्टीवर लेकाच्या अक्षरात लिहिलं होतं: 'बाबांचं गाव. सांभाळून.'

काकू डबी घेऊन पलंगावर बसल्या. डब्या दोन्ही सारख्याच, वडीएवढ्या, काळ्या. दोघींची कव्हरं काल एकत्र धुतली, दोरीवर शेजारी शेजारी वाळली. आणि चढवताना... हिरव्यात बॅटरी गेली, लाल कव्हरात गाव! म्हणजे गेला तासभर तो डबा बिचारा खरं बोलत होता. दातांच्या डॉक्टरांनी तपासलं, साहेबांनी कान लावला, लेकानं दूरवरून दिवे मोजायला लावले, ते सगळं कशाला, तर पॉवर बँकेला! चार दिवे लागणार नाहीत तर काय!

हसावं की रडावं कळेना. 'अहो, सापडलं!' म्हणून ओरडायला त्या उठल्या, डबी छातीशी धरून दारापर्यंत आल्या, आणि तिथेच थांबल्या. बाहेरचा सूर बदलला होता.

"बाबा, एक सांगायचं होतं. म्हणजे खेळताना सांगणार होतो."

"आता खेळ कुठला! गाव बुडालंय. बोल."

"एक जण आहे. माझ्या ऑफिसात नाही, बाहेरची. आम्ही लग्न करायचं म्हणतोय."

टॉर्चचा उजेड भिंतीवर एका जागी थांबला.

"आणि बाबा, तिला एक मुलगी आहे. सहा वर्षांची. तिचं आधी एक लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. मुलगी आमच्याजवळच राहील. मला... मला तुम्हाला हे..."

"टूंऽ टूंऽ!" फोन शेवटच्या घटका मोजू लागला.

आत्ता फोन गेला, तर? लेकाला वाटेल, बापानं ठेवला! आणि एकदा असं वाटलं, की परत शब्द काढेल का तो? काकू वाऱ्यासारख्या धावल्या. डब्याला लावलेली हिरवी डबी त्यांनी कच्चकन उपटली, तिच्यात फोनची वायर खुपसली.

"अगं ए! डिस्क उपटलीस!" साहेबांनी डोकं बाहेर काढलं, त्या नादात ते कपाटावर आपटलं, हातातला टॉर्च पडला. "गाव जाईल सगळं! हार्ड डिस्क कधी फोनला लाव..."

"टिंग!" फोन चार्ज होऊ लागला.

साहेब बघतच राहिले. हिरव्या कव्हराकडे, मग फोनकडे, मग बायकोच्या हातातल्या उघड्या डबीकडे. चिकटपट्टी त्यांनी वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू ते तेज चढलं, जे पूर्वी अख्खा रस्ता खणून झाल्यावर गळती सापडली की चढायचं. तोंड उघडलं. आता सगळी इमारत ऐकणार!

"बाबा?" फोनमधून आवाज आला, अगदी बारीक. "ऐकताय ना?"

साहेबांनी उघडलेलं तोंड मिटलं. बायकोकडे पाहिलं. बायकोनं मानेनंच 'नको' म्हटलं.

"ऐकतोय," साहेब म्हणाले. मग त्यांनी टाळू चोळली. टेंगूळ आलं होतं. "ती... मुलगी. तिला आवडतं काय?"

"तिला?" लेक गडबडला. या प्रश्नाची तयारी त्यानं केली नव्हती. "पाणी. दिवसभर नळाखाली हात धरून उभी असते. सारखा ओरडा खाते."

"तिला ओरडू नका!" साहेब ताठ बसले. "आणि नळाचं वॉशर बघून घे. लहान मुलं नळ जोरात पिळतात, वॉशर झिजतं. मऊ रबराचं घाल. तिच्या हाताला सोपं जाईल."

"बरं, बाबा."

"हात पुरतो का तिचा नळापर्यंत?"

"स्टूल घेते."

"स्टूल घसरता कामा नये. खाली रबर लाव."

"लावतो." लेक म्हणाला. "बाबा... बरं, मग आता ती वायर काढून उलटी लावून बघता का?"

साहेब जमिनीवर बसले होते, हातात काही नव्हतं. ज्या माणसानं नोकरीत खात्याचा एक नटसुद्धा खिशात घातला नाही, ज्यानं मुलाचं वय कमी सांगून कधी अर्धं तिकीट काढलं नाही, त्या माणसानं बायकोच्या हातातल्या डिस्ककडे सरळ पाहिलं आणि म्हटलं, "थांब हं. लावतोय."

थोडं थांबून म्हणाले, "लावली."

"दिसतंय काही?"

"नाही रे. अजून नाही."

आणि मग गाडी जी सुरू झाली! डबा बंद करा. केला. दहापर्यंत मोजा. मोजले. तेवढ्यात ती कुठे भेटली? तिची आई काय म्हणते? मुलगी तुला काय हाक मारते? आता दुसरी वायर लावा. लावली. घरी कोण स्वयंपाक करतं? मुलीला दात पडायला लागले का? साहेबांनी न लावलेल्या वायरी काढल्या, न दाबलेली बटणं दाबली, आणि प्रत्येक वेळी मोठ्या खेदानं म्हणाले, "नाही रे. अजून नाही!" काकू पदरानं डोळे पुसत होत्या. किती बाई सराईतपणे खोटं बोलतो हा माणूस! आपल्याला इतक्या वर्षांत कळलंच नाही.

"बाबा, हे असं फोनवर नाही जमायचं," शेवटी लेक म्हणाला. "शनिवारी मीच येतो बघायला. त्या दोघींना घेऊन येऊ?"

"त्यांना घेऊनच ये. बिघाड मोठा आहे." साहेबांनी लगेच पुढे जोडलं. "एका दिवसात सापडायचा नाही. चांगली आठवडाभराची रजा काढ."

आता झाली पंचाईत! चांगला धडधाकट डबा शनिवारपर्यंत बिघडलेला ठेवायचा होता. साहेबांनी डिस्क स्वतःच्या हातानं कपाटात, त्या न घातलेल्या स्वेटराखाली ठेवली आणि शनिवारपर्यंत तिला हात न लावायची शपथ घेतली. सोमवार काढला. मंगळवारी ते दोनदा कपाटापाशी जाऊन आले. गेम बंद असला की गावही थांबतं, असं लेकानं कितीदा समजावलं होतं. पण साहेबांना ते कधी पटलं नव्हतं. लोकांची तहान कशी थांबेल?

बुधवारी दुपारी काकू डॉक्टरीणबाईंकडून परत येतात तो काय, साहेब टीव्हीपुढे! पडद्यावर डोंगर, टाक्या, गल्ल्या.

"अहो!"

"फक्त पाणी सोडतो आणि बंद करतो!" साहेब चोरासारखे म्हणाले. "दहा दिवस कोरडं आहे गं गाव."

तेवढ्यात काकूंच्या फोनवर लेकाचा संदेश आला. काकूंनी तो मोठ्यानं वाचला: "आई, माझ्याकडे बाबा गावात आलेले दिसतायत. टाकीपाशी उभे आहेत. डबा दुरुस्त झाला का?"

साहेबांनी रिमोट असा खाली ठेवला, जसा काही तो तापलेला तवा.

"आता गं?"

"आता काय! तुम्हीच सांगा, काय लिहू?"

"लिही की... गळती आहे."

काकूंनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं: "नाही रे बाळा. अजून बिघडलेलाच आहे."

दोघं फोनकडे टक लावून बसले होते. मग उत्तर आलं:

"बरं. मग बाबांना म्हणावं, शाळेमागचा व्हॉल्व्ह बंद राहिलाय, जाता जाता तेवढा उघडा. आणि बिघाड शनिवारपर्यंत नीट सांभाळा. आम्ही तिघं येतोय."